वेग कोणाचा, घाई कोणाची

अमेरिकन फुटबॉलमध्ये एक चाल संपली की ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं आणि तेवढ्या वेळात पुढची चाल सुरू करावी लागते. बहुतेक संघ हे सेकंद जवळजवळ पुरेपूर वापरतात. खेळाडू घोळका करून उभे राहतात, आक्रमणाचा सूत्रधार, म्हणजे क्वार्टरबॅक, चाल सांगतो, टाळी वाजते आणि सगळे आपापल्या जागी जातात. या घोळक्याला तिकडे हडल म्हणतात. आर्कान्सा राज्यातल्या शाळांमध्ये शिकवणाऱ्या गस मालझान या प्रशिक्षकाने तो घोळकाच काढून टाकला. चाल कडेच्या रेषेवरून खुणांनी आणि फलकांनी सांगायची. खेळाडूंनी धुळीतून उठायचं, रेषेवर यायचं आणि समोरच्याचा श्वास जागेवर येण्याआधी चेंडू खेळात आणायचा. २००३ साली त्याने या पद्धतीवर प्रशिक्षकांसाठी पुस्तक लिहिलं आणि २००५ साली त्याच्या शाळेने एकही सामना न गमावता राज्याचं अजिंक्यपद मिळवलं.

हा खेळ आपल्या मैदानांवरचा नाही. चेंडू लांबुळका, खेळाडू शिरस्त्राण घातलेले, आणि पायाचा उपयोग फारच थोडा. तरीही या अंकाचं संपादकीय त्यावर लिहीत आहोत, कारण पद्धत आणि प्रशिक्षकाला नेमणारी माणसं यांच्यातला झगडा इतक्या उघडपणे दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतो.

आधी पद्धतीकडे पाहू. तिचं खरं बळ बदली खेळाडूंच्या नियमात आहे. आक्रमण करणाऱ्या संघाने खेळाडू बदलले, तर बचावालाही बदल करायला वेळ द्यावा लागतो. आक्रमणाने तेच अकरा जण ठेवले, तर ते हवं तेव्हा चेंडू उचलू शकतात आणि बचावाचे दमलेले, सव्वाशे-दीडशे किलोचे गडी मैदानातच अडकतात. २००८ साली महाविद्यालयीन सामन्यांत हे ४० सेकंदांचं घड्याळ आलं आणि खेळाची लय पंचाकडून बऱ्याच अंशी आक्रमकाच्या हाती गेली. खो-खोच्या प्रशिक्षकांना हे अपरिचित नाही. खो पटापट मिळत गेला की पळणाऱ्याची फुप्फुसंच त्याला दगा देतात, आणि तिथे निम्मं काम झालेलं असतं.

वेगवान म्हणजे लांब फेकींचा खेळ, हा एक गैरसमज आहे. मालझानचा २०१३ सालचा ऑबर्न विद्यापीठाचा संघ चेंडू हातात घेऊन धावण्यात देशात पहिला होता. सामन्यामागे सरासरी ३२८ यार्डांहून जास्त धाव. चाली मोजक्याच होत्या, पण प्रत्येक चालीला चार सोंगं होती. खेळाडूला विचार करायला थांबावं लागत नाही तिथेच तो वेगाने खेळतो, हे या पद्धतीचं मर्म. वेग शिट्टीतून येत नाही, पाठांतरातून येतो. आपल्यापैकी जे सरावात नुसतं ‘लवकर, लवकर’ ओरडतात त्यांनी इथे जरा थांबावं.

मात्र वेगाची किंमत असते, आणि ती स्वतःच्याच बचावाला मोजावी लागते. तीन चालींत दहा यार्ड मिळाले नाहीत तर चौथ्या प्रयत्नावर बहुधा चेंडू लाथेने प्रतिस्पर्ध्याकडे पाठवावा लागतो. संथ संघाला हे अपयश दोन मिनिटांत येतं, वेगवान संघाला एका मिनिटाच्या आत. नुकताच बाकावर बसून पाण्याची बाटली तोंडाला लावलेला बचाव पुन्हा मैदानात. अशा संघांच्या बचावावर गुण जास्त चढतात ते काही अंशी यामुळेच, कारण चालींची संख्याच वाढलेली असते. ज्याला हे गणित माहीत नाही तो कोऱ्या डोक्याने गुणफलक पाहतो आणि ‘तुमचा बचाव ढिला आहे’ असं म्हणतो. संस्थेच्या कार्यालयात बसणारी माणसं नेमकी तेच पाहतात.

ऑबर्न हे अलाबामा राज्यातलं छोटं गाव. स्टेडियममध्ये मात्र ८७ हजारांवर माणसं बसतात. तिथल्या वरिष्ठांच्या घाईची ख्याती जुनी आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये प्रशिक्षक टॉमी ट्यूबरव्हिल पदावर असताना विद्यापीठाचे अध्यक्ष, क्रीडा संचालक आणि विश्वस्त मंडळातली मंडळी विमानाने गुपचूप दुसऱ्या प्रशिक्षकाला भेटून आली, तीही अलाबामा विद्यापीठाविरुद्धच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या सामन्याच्या दोन दिवस आधी. बातमी फुटली आणि अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. ट्यूबरव्हिल राहिला आणि पुढच्याच मोसमात त्याने तेराच्या तेरा सामने जिंकले.

पण दबाव कुठून तरी झिरपतोच. २००७ च्या अखेरीला याच ट्यूबरव्हिलने टोनी फ्रँकलिन या घोळकाविरहित खेळाच्या जाणकाराला आणलं. स्वतःचा स्वभाव संथ आणि बचावप्रधान, सहायक चमू जुना, आणि त्यावर ही नवी पद्धत चिकटवली. मोजक्याच दिवसांच्या सरावावर एक सामना जिंकला, सगळे खूश झाले. पुढच्या मोसमात सहा सामने होताच फ्रँकलिनला काढलं आणि मोसमाअखेर ट्यूबरव्हिलही गेला. उसनी घेतलेली पद्धत अडचणीत पहिली टाकली जाते. याचं इतकं स्वच्छ उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

त्यानंतर मुख्य प्रशिक्षक म्हणून जीन चिझिक आला आणि आक्रमणाची जबाबदारी मालझानकडे आली. २०१० मध्ये चौदापैकी चौदा विजय आणि राष्ट्रीय विजेतेपद. अंतिम सामन्यात समोर ओरेगन होतं, म्हणजे चिप केलीचा तितकाच वेगवान संघ, आणि गुण झाले २२–१९. दोन्ही बाजूंना वेग असला की गुणांचा पाऊस पडतो असं म्हणणाऱ्यांसाठी हा सामना मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा. २०११ नंतर मालझान दुसरीकडे मुख्य प्रशिक्षक झाला, ऑबर्नने पारंपरिक संथ आक्रमण स्वीकारलं आणि २०१२ मध्ये संघ बारापैकी नऊ सामने हरला. विजेतेपदानंतर दुसऱ्याच वर्षी चिझिकला जावं लागलं. मालझानला मुख्य प्रशिक्षक म्हणून परत बोलावलं, आणि तोच हरलेला संघ २०१३ मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तिथे फ्लोरिडा स्टेटकडून ३४–३१ असा निसटता पराभव झाला.

वेग इतका बोचू लागला की प्रतिस्पर्ध्यांनी नियमांचं दार ठोठावलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये नियम समितीने एक प्रस्ताव मांडला: पहिले दहा सेकंद बचावाला खेळाडू बदलू द्यावेत, त्याआधी चेंडू उचलला तर आक्रमणाला दंड. कारण दिलं खेळाडूंच्या सुरक्षेचं. अलाबामाचा निक सेबन आणि आर्कान्साचा ब्रेट बिलेमा यांनी समितीपुढे बाजू मांडली होती. वेगामुळे दुखापती वाढतात याचा आधार कुठे, असं वेगवान प्रशिक्षकांनी विचारलं आणि मार्चमध्ये प्रस्ताव बाजूला पडला. सेबनने त्याच वर्षी आपल्या आक्रमणाची सूत्रं लेन किफिनकडे दिली आणि पुढे अलाबामाही वेगाने खेळू लागलं. वादात हरलेला माणूस शिकला, ही त्याच्या मोठेपणाची गोष्ट आहे.

आता मालझानची चूक. आमच्या मते ती त्याचीच आहे. २०१४ आणि २०१५ ही वर्षं बेताची गेली. २०१६ ची सुरुवात तीनपैकी दोन पराभवांनी झाली आणि त्याची खुर्ची जाणार अशी चर्चा सुरू झाली. तेव्हा मालझानने चाली ठरवण्याचं काम सहायक ऱ्हेट लॅशलीकडे सोपवलं. ज्या एका गोष्टीसाठी त्याला आणलं होतं, तीच त्याने हातातून सोडली. पुढच्या शनिवारी लुइझियाना स्टेट विद्यापीठाविरुद्ध (एलएसयू) ऑबर्न १८–१३ ने जिंकलं. सगळे गुण किकर डॅनियल कार्लसनने लाथेने मारलेल्या सहा फिल्ड गोलांचे. एलएसयूने शेवटच्या क्षणी चेंडू गोलरेषेपार नेला होता, पण चेंडू उचलण्याआधीच घड्याळ शून्यावर गेलं होतं म्हणून ते गुण धरले गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली ती एलएसयूच्या लेस माइल्सची. एका सेकंदाच्या तफावतीने.

पुढे लॅशलीच्या जागी चिप लिंडसी आला. २०१७ मध्ये ऑबर्नने देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या जॉर्जिया आणि अलाबामा या दोघांनाही एकाच महिन्यात हरवलं. मालझानच्या आर्कान्सा राज्यातल्या विद्यापीठाचं पद तेव्हा रिकामं होतं. तो तिकडे जाईल या धास्तीने ऑबर्नच्या अध्यक्षांनी सात वर्षांचा, ४ कोटी ९० लाख डॉलरचा करार पुढे केला. क्रीडा संचालक पद सोडून निघालेले होते, नवे अजून आले नव्हते. करार करणारे अध्यक्ष २०१९ मध्ये गेले. म्हणजे करार राहिला आणि तो करणारी माणसं गेली. प्रशिक्षकाने हे ओळखावं: तुमची बाजू समजून घेऊन सही करणारा माणूस बहुधा तुमच्याआधी बदली होऊन जातो.

२०१८ च्या शेवटच्या सामन्यात मालझानने चाली परत स्वतःच्या हाती घेतल्या. मध्यंतरालाच ऑबर्न ५६–७ ने पुढे होतं आणि अखेर परड्यूविरुद्ध ६३–१४. २०१९ मध्ये सूत्रं त्याच्याकडेच होती. त्या वर्षी अलाबामाला ४८–४५ ने हरवताना, चौथ्या प्रयत्नावर त्याने अशी मांडणी केली की चेंडू लाथेने दूर मारणार की खेळणार हेच कळेना. अलाबामाची बदल करताना धांदल उडाली, मैदानात बारा खेळाडू सापडले, दंड झाला, सामना संपला. हडल न करता बदलाच्या नियमावर मात करणारा हा माणूस अजून तल्लख होता. आणि तरी २०२० साठी चाली ठरवायला त्याने चॅड मॉरिसला आणलं.

करोनाच्या त्या मोसमात दहापैकी सहा विजय झाले. १३ डिसेंबर २०२० रोजी त्याला काढलं. आठ मोसमांत ६८ विजय, ३५ पराभव, आणि एकदाही पराभव विजयांपेक्षा जास्त नाहीत. मोबदला २ कोटी १४ लाख ५० हजार डॉलर, त्यातला अर्धा तीस दिवसांत. त्याच्या जागी ब्रायन हार्सिन आला, तोही ऑक्टोबर २०२२ मध्ये काढला गेला, आणखी दीड कोटींहून जास्त मोजून. त्याला आणणारे क्रीडा संचालक दोन महिने आधीच निघून गेले होते. २००८ पासून २०२२ पर्यंत चार प्रशिक्षकांना जा म्हणण्यासाठी या एका संस्थेने जवळजवळ पाच कोटी डॉलर कबूल केले.

वरिष्ठांवर सगळा दोष टाकणं सोपं आहे, म्हणून ते आम्ही टाळतो. मालझानच्या दोन सर्वांत मोठ्या मोसमांचे क्वार्टरबॅक, कॅम न्यूटन आणि निक मार्शल, दोघेही दोन वर्षांच्या छोट्या महाविद्यालयांतून आलेले, आणि दोघेही धावण्यात तरबेज. तसे घोडे नंतर त्याला मिळाले नाहीत किंवा त्याने घडवले नाहीत, आणि गाडीचा वेग हळूहळू ओसरला. ही उणीव कोणत्याही कार्यालयाची नाही. पण सूत्रं देणं, घेणं, पुन्हा देणं हे मात्र दबावाखाली वागणाऱ्या माणसाचं लक्षण आहे. हे निर्णय जाहीर त्याच्याच तोंडून झाले. असे निर्णय कोणत्या हवेत घेतले जातात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. शाळेच्या विश्वस्तांचा फोन आला म्हणून चांगला सराव मध्येच बदलल्याचं आपल्यापैकी किती जणांना आठवत असेल!

आपल्याकडे करार कोट्यवधींचे नाहीत, बरेचदा अकरा महिन्यांच्या मानधनावरच्या नेमणुका. तरी मुद्दा तोच. संस्था निकाल मागते आणि पद्धत तुमच्या गळ्यात राहते. म्हणून पद्धत मांडताना तिची किंमतही तुम्हीच आधी मांडा. पहिल्या वर्षी आपला बचाव थकेल, गुण जास्त जातील, मुलं वेग पकडेपर्यंत तीन-चार सामने हातचे जातील, हे हरल्यावर सांगितलं तर सबब ठरते, हरण्याआधी सांगितलं तर नियोजन. आणि सामन्याच्या वेळी निर्णय कोणाचा, हे पहिल्या सरावाच्या आधी ठरलेलं असावं. चाली ठरवायचं काम दुसऱ्याकडे द्यायचं असेल तर मनापासून द्या, आणि त्याच्या पराभवाचा वाटा स्वतः उचला. अर्धवट दिलेली सूत्रं कोणालाच खेळू देत नाहीत.

जूनमध्ये नव्या नेमणुकांची पत्रं तुमच्या हाती येतील. सही करण्याआधी दोन ओळी लिहून घ्या: कशासाठी नेमलं आहे, आणि किती मोसमांनंतर निकाल पाहणार आहात. आणि त्याची एक तरी प्रत आपल्याकडे ठेवा, मुख्याध्यापकांच्या टेबलावर नव्हे, आपल्या कपाटात.