बालवाडी पडद्यावर भरत नाही

जून २०२५ मध्ये आपल्या निवासी शाळेत पाचवीच्या प्रवेशाचे काम सुरू होते. साक्री तालुक्यातून आजीबरोबर आलेला एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. बेरीज त्याला येत होती, अक्षरओळख होती. पण वाचताना तो प्रत्येक जोडाक्षरापाशी थांबत होता आणि पेन्सिल त्याने मुठीत आवळून धरली होती. अर्जाच्या कोपऱ्यात ‘कच्चा’ असा शेरा लिहिण्यासाठी मी पेन टेकवले आणि माझे लक्ष जन्मतारखेकडे गेले. जन्मवर्ष २०१५. म्हणजे बालवाडीचे शेवटचे वर्ष २०२०-२१. पुढचे पहिलीचे वर्षही बहुतांशी बंद दारांआडच गेलेले. मी शेरा लिहिला नाही. जो वर्ग भरलाच नाही, त्या वर्गाचा हिशेब या मुलाकडे मागण्याचा मला अधिकार नव्हता.

स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचा गौरव व्हावा ही रीत आहे आणि आपल्या संस्थेकडे गौरवास पात्र असे पुष्कळ आहे. तरीही मी येथे एका अपयशाविषयी लिहिणार आहे, कारण त्या अपयशात माझाही वाटा आहे. महामारीच्या काळात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आपण दुरून शिकवले, असे आपण अहवालात लिहिले. माझे मत असे की, आपण त्यांना शिकवले नाही. आणि ज्यांच्या घरी आधीपासून काही नव्हते, त्यांचेच यात सर्वाधिक गेले.

मार्च २०२० च्या मध्यावर राज्यातील शाळा बंद झाल्या. वसतिगृहातील मुले पेट्या घेऊन गावोगाव परतली. मुंबई-आग्रा महामार्गावरून उन्हातान्हात पायी चाललेली कुटुंबे धुळेकरांनी डोळ्यांनी पाहिली. सुरतेहून काम सुटून परतलेले आपलेही कितीतरी लोक त्या दिवसांत घरी बसून होते. आपला बालवर्ग निवासी नाही. वस्तीतील मुले तेथे सकाळी येतात आणि दुपारी घरी जातात. त्या वर्गाच्या ताईंना साहाय्य करण्याचे काम माझ्याकडे आले. मी इतिहासाचा शिक्षक. सनावळ्या आणि सनदा यांत माझे आयुष्य गेले. चार वर्षांच्या मुलाला काय शिकवतात, हे मी त्या वर्षी प्रथमच शिकलो.

केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ या नावाने मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्वप्राथमिक वर्गांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ३० मिनिटे आणि तीही पालकांशी संवाद साधून त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी, अशी मर्यादा त्यांत होती. लहान मुलांना पडद्यासमोर बसवून ठेवू नये, हा त्यामागील विचार योग्यच होता. प्रश्न पुढचा होता. ज्या पालकांशी संवाद साधायचा ते पालक कोणत्या वेळी, कोणत्या फोनवर भेटणार? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीने २०१७-१८ मधील चित्र नोंदवले आहे. देशात इंटरनेटची सोय असलेली घरे सुमारे २४ टक्के. ग्रामीण भागात जेमतेम १५ टक्के. महामारीपूर्वीच्या दोन-अडीच वर्षांत स्वस्त फोनमुळे हे आकडे वाढले असतील. पण घरात एक फोन असणे आणि तो सकाळी दहा वाजता चार वर्षांच्या मुलीच्या हाती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या वस्तीत फोन बापाच्या खिशात असे, आई निंदणीला गेलेली असे आणि मूल आजीच्या पदराशी असे.

आम्ही ध्वनिचित्रफिती पाठवीत असू. फोनच्या गटात निळ्या खुणा उमटल्या की वर्ग भरला, असे मी वहीत लिहीत असे. एके सायंकाळी ताईंनी एका मुलीशी चित्रसंवाद साधला. ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली, मग तिने फोन उलटा करून मागे पाहिले आणि विचारले, “ताई, तू मोबाईलमा कशी बसनी?” आम्ही हसलो. पण त्या रात्री मला तो प्रश्न विनोदी वाटेना. त्या मुलीला ताई हवी होती आणि तिच्या बोटांना हाती लागत होती ती फक्त काच. शिवाय आम्ही पाठवीत असलेली गाणी प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत होती. वर्गात असताना ताई अहिराणीत बोलत, मुलांच्या घरच्या बोलीतून हळूच शाळेच्या भाषेकडे नेत. तयार चित्रफितीला हा मधला पूल बांधता येत नाही.

बालवाडीत नेमके काय घडते, हे आपण शिकलेल्या लोकांनीही नीट समजून घेतलेले नाही. तेथे मूल मातीचा गोळा मळते, मणी ओवते, कागद फाडते. त्यातून बोटांना बळ येते आणि पुढे त्याच बोटांत पेन्सिल नीट बसते. रांगेत उभे राहून आपल्या पाळीची वाट पाहते. आईखेरीज दुसऱ्या माणसावर विश्वास ठेवते. आणि आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वेगवेगळ्या घरांतील मुलांच्या मांडीला मांडी लावून डबा खाते. समतेचा पहिला धडा पुस्तकात नसतो, तो त्या सतरंजीवर असतो.

भगवान बुद्धांनी बालवयातील राहुलला खोटे बोलण्याविषयी उपदेश केला, तो प्रसंग आपल्या विहारांतून अनेकदा सांगितला जातो. तथागतांनी हातातील भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले आणि ते राहुलला दाखवले. मग ते पाणी फेकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा उताणे करून रिकामे दाखवले आणि प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारला. सत्यासारखा अमूर्त विषय शिकवतानाही त्यांनी मुलाच्या डोळ्यांसमोर एक वस्तू ठेवली आणि स्वतः त्याच्या शेजारी बसले. लहान मूल असेच शिकते, समोरच्या वस्तूतून आणि शेजारच्या माणसाकडून.

महाराष्ट्राला हे नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम सुरू केले. वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना त्यातून आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल येत नसेल तर दोष मुलाचा नाही, शाळेने चालत जावे, हे या कामाचे सूत्र होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द सरकारदरबारी रुजला. शब्द राहिला, चालत जाण्याचे सूत्र मात्र महामारीत आपण विसरलो. आपण चित्रफीत पाठवली आणि मूल येईल म्हणून वाट पाहिली.

सगळेच विसरले नाहीत. एकेकाळी आपल्याच धुळे जिल्ह्याचा भाग असलेल्या नंदुरबारमध्ये रेलू वसावे या अंगणवाडी सेविका त्या वर्षी नर्मदेच्या पाण्यातून स्वतः होडी वल्हवत दूरच्या पाड्यांवर जात राहिल्या. बाळांची वजने घेतली, गरोदर बायांना आहार पोहोचवला. सोलापूरच्या नीलमनगर या श्रमिकांच्या वस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले आणि मुले अंतर राखून भिंतीपाशी शिकली. यांतले एक काम पोषणाचे होते, दुसरे मोठ्या मुलांच्या अभ्यासाचे. परंतु मुलापर्यंत जाता येते, हे दोन्ही ठिकाणी सिद्ध झाले. आपल्याकडील अंगणवाडी सेविकांना मात्र शिधावाटप आणि सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेचे घरोघरचे सर्वेक्षण यांतूनच उसंत नव्हती. त्या दारापर्यंत जात होत्या. दारातल्या मुलाशी खेळण्याचे काम मात्र कोणी त्यांना सांगितले नव्हते.

असे का झाले? मला याचे मूळ साथीच्या आधीचे दिसते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाचा शिक्षणाचा हक्क आपण कायद्यातून गाळून टाकला आहे. संविधानाचा अनुच्छेद ४५ मूळ स्वरूपात चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्याने दहा वर्षांत प्रयत्न करावा, असे सांगत होता. त्याला खालची वयोमर्यादा नव्हती. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा ती प्राथमिक शिक्षणापुरती मर्यादित करावी अशी दुरुस्ती पुढे आली. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास मनाई करणारे कलम आपण केले आहे. मग ते मूल कामावर जाणार नसेल, तर ते कोणत्या ना कोणत्या शिक्षणसंस्थेत असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो आजही वाचण्यासारखा आहे.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क आणला आणि सहा ते चौदा वयोगटाला मूलभूत हक्क मिळाला. ही मोठीच गोष्ट होती. पण त्याच दुरुस्तीने सहा वर्षांखालील मुले नव्या अनुच्छेद ४५ मध्ये, राज्याने प्रयत्न करावा अशा सदिच्छेच्या कक्षेत राहिली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासन करू शकेल, एवढेच म्हटले आहे. केलीच पाहिजे असे बंधन नाही. २९ जुलै २०२० रोजी नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर झाले आणि तीन ते आठ ही वर्षे शिक्षणाचा पाया म्हणून त्यात गौरवली गेली. योगायोग असा की, त्याच महिन्यात त्या वयाच्या मुलांना दिवसाची अर्धी तास मर्यादा लागू होत होती. २४ जानेवारी २०२२ पासून पूर्वप्राथमिकसह वर्ग उघडण्यास राज्याने मुभा दिली, तेव्हा जवळजवळ २२ महिने उलटले होते. चार वर्षांच्या मुलासाठी २२ महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा जवळपास अर्धा भाग.

माझे सहकारी यावर विचारतात की, जीव वाचवणे महत्त्वाचे नव्हते काय? निश्चितच होते. शाळा बंद करण्याला माझा विरोध नव्हता. आपल्या वस्तीनेही माणसे गमावली आहेत. ते असेही म्हणतात की, दुरून शिकवल्यामुळे पालक शिक्षणात ओढले गेले. यात तथ्य आहे आणि ते मी आनंदाने मान्य करतो. काही महिन्यांनी आम्ही चित्रफिती पाठवणे कमी केले आणि सायंकाळी, शेतातून आया परतल्यावर, त्यांना साधा फोन करू लागलो. मुलाला भाकरीच्या पिठाचा गोळा मळायला द्या, शेंगा मोजायला लावा, आजीला अहिराणीत गोष्ट सांगू द्या, एवढेच ताई सांगत. शाळेची पायरी न चढलेल्या एका आजीने विचारले, “मना गोष्टीसनं शाळामा काय काम?” ताईंनी तिला समजावले की, हीच शाळा आहे. त्या वर्षी जे काही थोडे हाती लागले, ते या फोनवरील बोलण्यातून लागले. पण दिवसभर मजुरी करून आलेल्या आईच्या माथ्यावर बालवाडी ठेवून व्यवस्थेने मोकळे व्हावे, हे मला मान्य नाही. शिकलेल्या घरातील मुलाला घरातच शिक्षक मिळाला. मजुराच्या मुलाला मिळाली ती आईच्या थकव्यातून उरलेली वेळ.

बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तो दिवस आज राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वर्गात बसण्यासाठी त्यांना घरून गोणपाट न्यावे लागे आणि ते वेगळे बसत, हे आपण दरवर्षी मुलांना सांगतो. त्या अपमानाशी महामारीची तुलना मी करणार नाही. परंतु त्या दिवशी भाषण करताना आपण स्वतःला एक प्रश्न विचारावा. आज कोणते मूल वर्गाबाहेर आहे आणि आपल्या ते लक्षात तरी आले आहे काय?

माजी विद्यार्थ्यांना आणि समाजबांधवांना माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क व्हावा, ही मागणी आपल्या ठरावांत आली पाहिजे. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर ३१ जुलैला आपण बाबासाहेबांच्या आठवणीने जमतो, तेथेही ती उच्चारली जावी. दुसरी, आपल्या गावोगावच्या विहारांची दारे रविवारच्या वंदनेपुरती न उघडता रोज सकाळी दोन तास बालवर्गासाठी उघडावीत. जागा आपली आहे, सतरंज्या आहेत आणि शिकलेल्या लेकी-सुना प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांना मानधन देण्याइतके दान आपण गोळा करू शकतो. पुन्हा कधी संकट आलेच, तर वस्तीतली अशी जागा आणि वस्तीतलीच ताई मुलांच्या हाकेच्या अंतरावर असेल. तिसरी विनंती माझ्या सहकारी शिक्षकांना. पुढील दोन-तीन वर्षे पाचवीत येणाऱ्या मुलांच्या अर्जावरील जन्मवर्ष आधी वाचा आणि शेरा नंतर लिहा.

साक्रीचा तो मुलगा आता आपल्या वसतिगृहात आहे. संध्याकाळच्या वंदनेनंतर मी त्याला आणि त्याच्यासारख्या आणखी काहींना अर्धा तास घेऊन बसतो. वाचनाआधी आम्ही माती मळतो. बालवर्गाच्या ताईंनी मला ते शिकवले. दहा वर्षांची मुले सुरुवातीला लाजली. हे तर लहान पोरांचे काम, म्हणाली. आता मातीसाठी तीच माझ्या आधी येऊन बसतात. पेन्सिल त्याच्या मुठीतून बोटांत आली आहे. जोडाक्षरे अजून बाकी आहेत.