वास येतो म्हणजे झालं?

परवा आर्णीला गेलो होतो. अरुणावतीला पहिला पूर येऊन गेलेला आणि आमच्या विहिरीचं पाणी पातळ चहासारखं. काकांनी टीसीएल पावडर टाकली होती. तरी मी कुरकुरलोच, तर काकू म्हणाली, "वास येऊन राह्यला ना पावडरचा? मंग पे बिनधास्त."

आम्ही संगणकवालेही हेच करतो म्हणा. पिंगला उत्तर आलं, की साइट चालू! :-)

खरी गोम त्या रंगात आहे. कुजलेला पाला, शेण, माती यांतून पाण्यात उतरतो तो सेंद्रिय कार्बन. तो क्लोरीन खाऊन टाकतो, मग जंतूंसाठी उरणार काय? शिवाय दोघांच्या संयोगातून क्लोरोफॉर्मसारखी रसायनं तयार होतात, हे १९७४ पासून माहीत आहे.

हा कार्बन मोजणं तसं झटपट काम. नमुन्यात आम्ल घालून आधी बायकार्बोनेटमधला कार्बन उडवायचा (आपल्या जड पाण्यात तो भरपूर), मग नमुना सुमारे ६८० अंशांना तापवायचा आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा. मिनिटांत आकडा हातात. बीओडीला आपल्याकडे २७ अंशांवर ३ दिवस लागतात! पण हे यंत्र महाग. आणि आयएस १०५००:२०१२ या पिण्याच्या पाण्याच्या मानकात क्लोरोफॉर्मला मर्यादा आहे (लिटरला ०.२ मिलिग्रॅम), सेंद्रिय कार्बनला नाही. म्हणजे आउटपुट तपासा, इनपुट राहू द्या.

माझं मत विचाराल तर, निदान पहिल्या पुरानंतर जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत हा आकडा काढलाच पाहिजे. तोवर जुनी हॉरॉक्स चाचणी आहेच. काळ्या कपात पावडरचं द्रावण, सहा पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी. त्यांत द्रावणाचे थेंब वाढवत जायचं, अर्धा तास थांबायचं, मग स्टार्च-आयोडाइड. कितव्या कपापासून निळा रंग येतो, त्यावरून पावडर किती लागेल ते ठरतं. हा कार्बनचा आकडा नव्हे, पण पाणी किती क्लोरीन गिळतंय ते तरी कळतं.

गैरसमज नको. पावडर बंद करा असं मी म्हणत नाहीये. जंतू आठवड्यात आडवं करतात, क्लोरोफॉर्मचा धोका वर्षानुवर्षांचा. माझं भांडण आहे ते अंदाजपंचे चमच्याशी.

काकूला हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "मंग मोजून टाक ना बाप्पा, भाषन कायले देतं?"

असो. तुमच्या गावी पावडर कोण टाकतं आणि कशी मोजतं, एकदा विचारून बघा.