पत्ता म्हणजे ओळख नव्हे!

आमच्या धंद्यात एक वाक्य मी फार वेळा ऐकलंय. "अहो, आपली रेडिओ सिस्टीम इंटरनेटला जोडलेलीच नाही, मग हॅक कोण करणार?" पाण्याच्या टाक्या, पंपहाउस, वीज उपकेंद्रं... वायरलेस डेटा टर्मिनल आलं की हे वाक्य आलंच. आणि त्या भरवशावर कॉन्फिगरेशन कसं होतं? टर्मिनलला फ्रिक्वेन्सी द्यायची, एक नंबर चिकटवायचा, बेस स्टेशनच्या यादीत तोच नंबर टाकायचा. पलीकडून उत्तर आलं की सही करा, चहा घ्या!

माझ्या मते हे कॉन्फिगरेशन नव्हेच. ही नुसती जोडणी झाली.

ऑस्ट्रेलियातलं मरूची शायर बघा. साल २०००. सांडपाण्याची १४२ पंपिंग स्टेशनं रेडिओवर चालायची. यंत्रणा बसवणाऱ्या ठेकेदाराकडे आधी नोकरी केलेल्या विटेक बोडेनने लॅपटॉप, रेडिओ आणि तसाच एक कंट्रोलर मिळवला. कंट्रोलरला ४ नंबर दिला, आणि सिस्टीमने त्याला ४ नंबरचं स्टेशन मानून टाकलं! पंप बंद, अलार्म गप्प, आणि सुमारे ८ लाख लिटर मैला बागांत नि ओढ्यांत. २००१ साली त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

आता सांगा, यात अचाट डोकं कुठे लागलं? इन्स्टॉलेशनवाला रोज जे करतो तेच त्याने केलं. फक्त त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"जुनी गोष्ट झाली हो!" बरं, मग ऑगस्ट २०२३ घ्या. पोलंडमध्ये कुणीतरी रेल्वेच्या रेडिओवर थांबण्याचा इशारा वाजवला आणि वीसेक गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. इशारा म्हणजे तीन सूर. कोण वाजवतंय हे विचारायची सोयच नाही.

"आम्ही एन्क्रिप्शन घेतलंय" म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न: की किती आहेत? सगळ्या टर्मिनलांना एकच असेल तर अख्ख्या सोसायटीला एकच किल्ली वाटल्यासारखं झालं. एक हरवली की सगळे फ्लॅट उघडे.

करायचं ते अवघड नाही, कंटाळवाणं आहे. प्रत्येक टर्मिनलला स्वतंत्र की. प्रत्येक आज्ञेला चढता क्रमांक, म्हणजे कालची रेकॉर्ड केलेली आज्ञा आज चालणार नाही. माणूस गेला की की बदला. आणि कॉन्फिगरेशनच्या फायली कुणाच्या तरी डेस्कटॉपवर नकोत. कोडसारख्याच जपा, कुणी कधी काय बदललं ते दिसू द्या. वेळ जाईल, पैसे जातील, मान्य. मैला उपसायलाही जातातच की!

तेव्हा पुढच्या वेळी सही मागायला आले तर एवढंच विचारा: "नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे हीच फाइल असेल तर तो काय काय करू शकेल?" समोरचा गप्प बसला तर पेन खिशातच ठेवा.