रिकामा सोडलेला रकाना



प्रवेश अर्जाचा पहिला भाग भरताना कोणाचा हात अडखळत नाही. नाव, पत्ता, जन्मतारीख, बारावीचे गुण हे सारे सहज लिहून होते. हात थांबतो तो पुढे. प्रवर्ग कोणता, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न किती, दिव्यांगत्व आहे काय, प्रकल्पग्रस्त आहात काय, असे प्रश्न येऊ लागतात. रकाना आपल्याला लागू असतो, तरीही तो रिकामा सोडावासा वाटतो. ‘आता या वयात हे कशाला सांगायचे?’ असा विचार मनात येतो. या लेखात मला एवढेच मांडायचे आहे की तो रकाना भरावा. मात्र तो कशासाठी विचारला आहे हे जाणून घेऊन भरावा.

पालघर जिल्ह्यातील विद्यार्थ्यांचा विचार करा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यातले वारली, कोकणा, कातकरी विद्यार्थी आहेत. समुद्राच्या बाजूला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे आणि तिथे रात्रपाळी करून दिवसा पुस्तक उघडणारे कामगार आहेत. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठी विस्थापित झालेल्या अक्करपट्टी आणि पोफरण या गावांतली कुटुंबेही याच परिसरातली. अर्जातला एकेक रकाना म्हणजे अशा कोणाच्या तरी आयुष्याचा एकेक भाग आहे. यंत्रांच्या आवाजात वर्षानुवर्षे काम करून ज्याला कमी ऐकू येऊ लागले आहे, किंवा अपघातात ज्याने उजव्या हाताची बोटे गमावली आहेत, अशा कामगाराला ‘दिव्यांग’ हा शब्द स्वतःसाठी वापरणे जड जाते. त्याची ही घालमेल समजण्यासारखी आहे.

परंतु दूरशिक्षणात मौनाची किंमत अधिक पडते. नियमित महाविद्यालयात शिक्षक विद्यार्थ्याला रोज पाहतात. कोणी फळा वाचण्यासाठी पुढे सरकतो, कोणी लिहिताना मागे पडतो, हे न सांगताही त्यांच्या ध्यानात येऊ शकते. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी वर्षातून मोजक्या वेळी अभ्यासकेंद्रावर येतो. उरलेल्या काळात विद्यापीठासाठी तो म्हणजे त्याचा अर्ज. त्या अर्जात जे नाही, ते विद्यापीठाला ठाऊक नाही.

याचा परिणाम परीक्षेत दिसतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली असून त्यांत अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत आणि प्रवेशासाठी कमाल वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत आहे. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पात्र परीक्षार्थीला दर तासामागे किमान वीस मिनिटे अधिक मिळावयास हवीत. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला हा पुरा एक तास होतो. उत्तर येते, पण हात साथ देत नाही, अशा विद्यार्थ्यासाठी हा तास निकाल बदलणारा ठरू शकतो. मात्र लेखनिक किंवा वाढीव वेळ यांची व्यवस्था आयत्या वेळी होत नाही. त्यासाठी केंद्राला आधी कळावे लागते.

हे सांगताना संकोच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. नोंदवहीने माणसाला डागण्या दिल्याचा इतिहास आपल्याकडे आहे. ब्रिटिश राजवटीने १८७१ पासून केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी अनेक जमातींची नोंदच मुळी गुन्हेगार म्हणून केली. हा शिक्का कायद्याच्या कागदावरून पुसला गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. भर वर्गात शिष्यवृत्तीची यादी प्रवर्गासह वाचली जाते, तेव्हा मान खाली घालणारे विद्यार्थी आजही असतात. म्हणून माहिती देणाऱ्याला धीर देणे पुरेसे नाही. घेणाऱ्यावरही बंधन हवे.

मराठीचे विद्यार्थी म्हणून तुम्हाला हा प्रश्न नवा नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) या आत्मकथनात शाळेच्या दप्तरी वडिलांचे नाव कोणते, हाच जीवघेणा प्रश्न होऊन येतो. रकाना निर्जीव नसतो, हे त्यातून कळते. आणि तो अटळही नसतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात, शासकीय दस्तऐवजांसाठी, आईचे नाव लावणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले. समाज बदलतो तसे अर्जही बदलावे लागतात.

आत्मकथनकार काय सांगायचे आणि किती सांगायचे, हे स्वतः ठरवतो. अर्जात ते रकाना ठरवतो. हा निर्णय काही अंशी तरी आपल्या हाती परत घेता येतो. त्यासाठी तीन प्रश्न विचारा : ही माहिती कशासाठी हवी आहे? ती कोण पाहणार आहे? न दिल्यास कोणता लाभ मिळणार नाही? हे विचारणे उद्धटपणा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ मध्ये संसदेने संमत केलेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही, उद्देश सांगून आणि संमती घेऊन माहिती घ्यावी, याच तत्त्वावर उभा आहे.

काही काळजी मात्र आपणच घ्यावयाची आहे. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर खाते उघडताना दुकानदाराचा भ्रमणध्वनी क्रमांक देऊ नका, स्वतःचा द्या. ओटीपी आणि पासवर्ड दुसऱ्याच्या वहीत लिहून ठेवू नका. आधारच्या छायाप्रतीवर कारण व तारीख लिहा. उत्पन्नाचा, जमातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला शेवटच्या तारखेची वाट न पाहता काढून ठेवा. प्रवेशाच्या वेळी सांगावयाचे राहिले असेल, तर परीक्षेची वाट न पाहता केंद्रसंयोजकांना लेखी कळवा आणि त्याची पोच घ्या.

अभ्यासकेंद्रांकडूनही माझी अपेक्षा आहे. लागेल तेवढेच विचारावे, ज्यासाठी विचारले त्यासाठीच वापरावे आणि ज्याला गरज नाही त्याच्या नजरेस ते कागद पडू देऊ नयेत. विद्यार्थ्याने विश्वासाने लिहिलेली ओळ टेबलावर उघडी पडून राहिली, तर पुढचा विद्यार्थी आपला रकाना रिकामाच सोडेल.

सवलत ही कोणाची मेहेरबानी नव्हे. ती मिळवण्यासाठी स्वतःविषयी खरे लिहिण्यात कमीपणा नाही. पुढचा अर्ज हाती येईल तेव्हा तो रकाना ओलांडून जाऊ नका. थांबा, विचारा आणि मग लिहा.