विश्लेषण : टाकीचा काटा खोटे बोलतो तेव्हा…

एप्रिलमधील एक सकाळ. नवीन पनवेलमधील आमच्या इमारतीत वॉचमनच्या केबिनमधले पॅनेल जमिनीखालची टाकी पाऊण भरल्याचे दाखवत होते आणि पंप मात्र कोरडा फिरत होता. झाकण उघडून काठी बुडवली, तर तळाशी जेमतेम वीतभर पाणी. टँकर येईपर्यंत दुपार झाली. दोष निघाला तारेच्या हिरव्या पडलेल्या एका जोडात. दुरुस्तीला अर्धा तासही लागला नाही. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत अशी फसगत झाली, की गैरसोय होते. मैलापाण्याच्या टाकीत झाली, तर एखाद्याचा जीव जाऊ शकतो. म्हणूनच हा विषय केवळ प्लंबरवर सोडून देण्यासारखा नाही.

पनवेलकरांसाठी काटा महत्त्वाचा का?

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, महापालिका झाली १ ऑक्टोबर २०१६ रोजी. शहराच्या मालकीचे गाढी नदीवरील देहरंग धरण लहान आहे आणि त्यात गाळही साचला आहे. उरलेली गरज जीवन प्राधिकरण, एमआयडीसी आणि सिडको यांच्याकडून येणाऱ्या पाण्यावर भागवावी लागते. नळाला पाणी येते ते ठरावीक वेळी. त्यामुळे ‘टाकीत आत्ता किती पाणी आहे’ या प्रश्नाच्या उत्तरावर टँकर मागवायचा की नाही, हे ठरते. माणशी दिवसाला १३५ लिटर या प्रचलित निकषाने पाहिले, तर ४० घरांच्या, साधारण २०० माणसांच्या इमारतीला रोज २७ हजार लिटर पाणी लागते. पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद टाकीत पाण्याची उंची एक सेंटिमीटर वाढली, की २०० लिटर वाढतात. म्हणजे काटा दहा सेंटिमीटर चुकला, तर हिशेब दोन हजार लिटरने चुकतो.

काटा नेमके काय मोजतो?

पॅनेल पाणी पाहत नाही, ते टाकीतल्या सेन्सरकडून येणारा विजेचा संकेत वाचते. जुना आणि साधा प्रकार फ्लोटचा. पाण्याबरोबर वरखाली होणारा गोळा विजेचा रोध बदलतो. सहलीच्या नौकांवर पाण्याच्या आणि मैल्याच्या टाक्यांना हीच पद्धत वापरतात. त्यातही दोन रिवाज आहेत. युरोपीय पद्धतीत रिकाम्या टाकीला १० ओहम आणि भरलेल्या टाकीला १८० ओहम. अमेरिकी पद्धतीत उलट, रिकामी २४० आणि भरलेली ३३. फ्लोट एका पद्धतीचा आणि पॅनेल दुसऱ्या पद्धतीचे बसवले, तर काटा पहिल्या दिवसापासून चुकतो. आमच्या इमारतीतला काटा पहिल्या पद्धतीचा होता. गंजलेल्या जोडाने रोध वाढवला आणि रिकामी टाकी भरलेली दिसू लागली.

दुसरा प्रकार स्टीलच्या कांड्यांचा. पाणी कांडीला टेकले, की दिवा लागतो. कांडीवर क्षार चढले, की दिवा लागत नाही. तिसरा अल्ट्रासॉनिक, म्हणजे वरून ध्वनिलहरी सोडून पाण्याचे अंतर मोजणारा. झाकणाखाली त्याच्यावर वाफेचे थेंब साचले किंवा पाण्यावर फेस आला, की तो गोंधळतो. चौथा तळाशी बसून पाण्याचा दाब मोजतो. एक मीटर पाण्याचा दाब सुमारे ०.१ बार असतो. त्याच्या तोंडाशी गाळ बसला, की आकडा अडकून राहतो.

टाकीचा आकारही फसवतो. आडवी गोल टाकी पाव उंचीपर्यंत भरली असेल, तर पाणी पाव टाकी नसते, सुमारे एक पंचमांशच असते.

बिघाड कसा शोधायचा?

बहुतेक सोसायट्या थेट नवा सेन्सर विकत घेतात आणि बिघाड तसाच राहतो. क्रम उलटा हवा. आधी झाकण उघडून वरूनच खुणा केलेली पट्टी बुडवावी आणि खरी उंची पॅनेलशी ताडून पाहावी. मग जोड, टर्मिनल आणि उंदरांनी कुरतडलेली वायर तपासावी. दमट हवेत आणि टाकीच्या तोंडाशी असलेले जोड सर्वात आधी जातात. फ्लोटचा काटा असेल, तर सेन्सरकडची तार सोडवावी. काटा एका टोकाला जायला हवा. दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या, की तो दुसऱ्या टोकाला जायला हवा. तसे झाले, तर पॅनेल आणि वायर ठीक आहेत, दोष सेन्सरमध्ये आहे. काटा हललाच नाही, तर नवा सेन्सर घेऊन उपयोग नाही. ही चाचणी कमी व्होल्टेजच्या, दोन तारांच्या फ्लोटसाठीच आहे. पंपाचा २३० व्होल्टचा पुरवठा आधी बंद करावा आणि काम वायरमनकडूनच करून घ्यावे.

मैलापाण्याच्या टाकीत वेगळे काय?

इथे सेन्सर मोडत नाही, माखतो. तेलकट साय, कागद आणि केस फ्लोटला चिकटतात, गोळा वरच अडकतो. कांड्यांवर ओला थर राहिला, की त्यातूनच वीज वाहते. त्यामुळे मैला उपसणारी गाडी टाकी रिकामी करून गेल्यावरही पॅनेल ‘भरलेली’ दाखवते. नौकेवर असे झाले, तर टाकीत स्वच्छ पाणी भरून, ढवळून ते पुन्हा उपसतात आणि थर धुऊन काढतात. सोसायटीत मात्र अनेकदा एक वाक्य ऐकू येते : ‘पोराला खाली उतरून बघायला सांगा.’

हेच वाक्य थांबवायला हवे. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास सुरुवातीला येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच बधिर होते. वास येत नाही म्हणजे वायू नाही, असा समज जीवघेणा ठरतो. हवेत एरवी सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, बंद टाकीत तो कमी झालेला असू शकतो. पहिला माणूस कोसळला, की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो.

कायदा काय सांगतो?

२०१३च्या कायद्याने सुरक्षा साधनांविना सेप्टिक टाकी किंवा गटाराच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावण्यास बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. ही बंदी केवळ महापालिकांसाठी नाही. काम देणारी खासगी व्यक्ती आणि संस्थाही तिच्या कक्षेत येतात. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३च्या निकालात अशा मृत्यूसाठी भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. ‘ठेकेदाराने माणूस उतरवला, आम्हाला कल्पना नव्हती’ हे समितीचे उत्तर नैतिकदृष्ट्या तर टिकत नाहीच.

सोसायटीने काय करावे?

खर्च फार नाही. प्रत्येक टाकीजवळ खुणांची एक पट्टी ठेवावी. मैलापाण्याची पट्टी वेगळी आणि ठळक रंगाची असावी. आठवड्यातून एकदा पट्टीचा आणि पॅनेलचा आकडा वहीत शेजारी शेजारी लिहावा. फरक वाढू लागला, की बिघाड पाणी संपण्याआधीच कळतो. टँकर रिता होण्याआधी आणि नंतरही पट्टी बुडवावी. वर सांगितलेल्या मापाच्या टाकीत दहा हजार लिटरच्या टँकरने पाणी ५० सेंटिमीटर चढायला हवे. ४० चढले, तर आठ हजार लिटरच आले. सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांनी काट्याची वाट न पाहता उपसून घ्यावी. नवा सेन्सर बसवताना तो झाकणातून, बाहेर उभे राहून काढता येईल असाच बसवावा. आणि मैला उपसण्यासाठी १४४२० या हेल्पलाइनचा क्रमांक वॉचमनच्या केबिनमध्ये, त्याच पॅनेलच्या शेजारी लिहून ठेवावा.