पिवळा दिवा लागला, ट्रक घाटात अडकला. बिघाड वायरीचा, भुर्दंड शेतकऱ्याला

गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिघा शेतकऱ्यांनी मिळून एका ट्रकमध्ये दोनशे क्विंटल कांदा भरला. माल इंदूरला जायचा होता. चांदवड सोडलं, राहुड घाट लागला आणि ड्रायव्हरचा फोन आला, "भाऊ, पिवळा दिवा लागलाय. गाडी ओढतच नाही, वीसच्या वर जाईना."

जवळचा मिस्त्री गेला. त्याने अर्ध्या तासात बिघाड शोधला. सायलेन्सरजवळच्या एका सेन्सरची वायर पत्र्याला घासून उघडी पडली होती. त्याने ती जोडली, टेप मारली. पण दिवा विझेना आणि गाडीची ताकदही परत येईना. कारण कॉम्प्युटरमध्ये बसलेला कोड काढायला कंपनीचा लॅपटॉप लागतो. तो आला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. लॅपटॉपवाल्याचं काम दहा मिनिटांचं. तोवर ताडपत्रीखालचा कांदा तापला, इंदूरला भाव क्विंटलमागे दीडशे रुपयांनी उतरला. आमचे तीस हजार गेले, भाडेवाल्याच्या दोन खेपा बुडाल्या.

ही एकट्या आमची गोष्ट नाही. कांदा, ऊस, द्राक्षं वाहणाऱ्या कुठल्याही गाडीवाल्याला विचारा. म्हणून हा दिवा काय सांगतो आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे, हे समजून घेणं गरजेचं झालंय.

हे दिवे आले कुठून?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं. बीएस-४ वरून आपण थेट सहावर उडी मारली. हेतू चांगला होता, धूर कमी व्हावा. त्यासाठी डिझेल इंजिनाच्या मागे मोठा कारखानाच बसला. काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, आणि विषारी वायू मारण्यासाठी डीईएफ फवारणारी यंत्रणा. डीईएफ म्हणजे ड्रायव्हर लोक ज्याला नुसतं 'युरिया' म्हणतात ते पाणी. या सगळ्यावर सेन्सर नजर ठेवतात. एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा आला आणि गाडी रस्त्यावर चालतानाही ही पाहणी जास्त कडक झाली. डीईएफ संपलं, खराब निघालं किंवा सेन्सरची खबर तुटली, की कॉम्प्युटर मुद्दाम इंजिनाची ताकद कमी करतो. म्हणजे आपल्या घाटातल्या ट्रकचं इंजिन ठणठणीत होतं. त्याला आवरून धरलं होतं.

दिवा पार्टचं नाव सांगत नाही

लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घ्या आणि बंद करा. ऑइलचं प्रेशर, इंजिनाचं तापमान, ब्रेकची हवा, यात चालढकल नको. पिवळा दिवा म्हणजे जपून चला आणि लवकर तपासा.

खरी माहिती कोडमध्ये असते. मोठ्या गाड्यांत त्याचे दोन आकडे असतात, एसपीएन आणि एफएमआय. पहिला आकडा जागा सांगतो, दुसरा बिघाडाची जात. उदाहरण घ्या. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइलचं प्रेशर. त्यापुढे एफएमआय १ असेल तर प्रेशर खरोखर धोक्याच्या खाली गेलंय, इंजिन लगेच बंद करा. पण एफएमआय ४ असेल तर सेन्सरच्या वायरीत व्होल्टेज कमी किंवा शॉर्ट आहे. दिवा तोच, पण एकीकडे इंजिन जाण्याचा धोका, दुसरीकडे वायरीचं काम. हा फरक न बघता पार्ट बदलला की पैसे जातात आणि दिवा तसाच राहतो.

चांगला मिस्त्री आधी बॅटरी बघतो. मोठ्या ट्रकला बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या मिळून चोवीस व्होल्ट असतात. चालू इंजिनावर मीटरने साधारण सत्तावीस-अठ्ठावीस दाखवायला हवेत. व्होल्टेज पडलं किंवा अर्थिंग ढिली झाली, की चांगले सेन्सरही चुकीचं बोलतात आणि एकदम चार-पाच कोड येतात. मग कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का, उंदराने वायर कुरतडलीय का, हे बघायचं. पार्ट बदलणं सगळ्यात शेवटी.

आपल्या चुकाही आहेत. जादा लाईट आणि हॉर्नसाठी कुठलीही वायर सोलून जोड मारतो. बॅटरीची वायर न सोडता चॅसिसवर वेल्डिंग करतो, त्यात कॉम्प्युटरच जळू शकतो. डीपीएफचा दिवा लागल्यावर मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवून काजळी जळू द्यायची, तर आपण मध्येच इंजिन बंद करतो. ही काजळी जळताना सायलेन्सर साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापतो. तेव्हा पाचटावर किंवा वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका.

गोणीतला युरिया टाकीत नको

डीईएफमध्ये ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी असतं. स्वस्तात पडतं म्हणून काही ठिकाणी शेतीचा युरिया पाण्यात कालवून विकतात. शेतीच्या युरियावर निंबोळी तेलाचा लेप असतो आणि विहिरीच्या पाण्यात क्षार. त्याने फवारणीचं तोंड बुजतं, पुढे महागडं उपकरण निकामी होतं. शिवाय सबसिडीचा युरिया असा वापरणं गुन्हा आहे. आपण ४५ किलोच्या गोणीसाठी रांगेत उभे राहतो आणि तीच गोणी मागच्या दाराने ट्रकच्या टाकीत जाते, हे दुखणं वेगळंच. सीलबंद डबा घ्या, बिल घ्या.

काही जण यंत्रणाच बायपास करून देतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही आणि धूर शेवटी आपल्याच पोरांच्या नाकात जातो. तो रस्ता नको.

किल्ली कोणाकडे?

खरा प्रश्न इथे आहे. बाजारातल्या साध्या स्कॅनरने बरेचसे कोड वाचता येतात. पण काही कोड काढणं, डीपीएफ मुद्दाम साफ करून घेणं, नवा सेन्सर कॉम्प्युटरला ओळखवणं, हे कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय होत नाही. म्हणजे हात तालुक्यात आहेत आणि किल्ली जिल्ह्याच्या शोरूममध्ये.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल काढलं. त्यात वाहनं आणि शेती अवजारं, दोन्ही क्षेत्रं आहेत. पण आमच्याकडच्या गॅरेजात त्याचा उजेड अजून पडलेला नाही. अमेरिकेतही ट्रकवाले आणि शेतकरी याच दुखण्याने ओरडत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने कंपन्यांना सांगितलं, की डीईएफच्या बिघाडात गाडीची ताकद एकदम तोडू नका, दुरुस्तीला पुरेसा वेळ द्या. आपल्याकडे निदान घाटात, मालासकट गाडी अडकू नये एवढी सवलत मागायला काय हरकत आहे?

ज्यांच्याकडे ट्रक नाही त्यांनीही लक्ष द्यावं. पन्नास एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे कडक नियम लागू झालेत. आज घाटात ट्रक उभा राहिला, उद्या पेरणीच्या वाफशावर ट्रॅक्टर उभा राहील.

तोवर एवढं तरी करा. दिवा लागला की डॅशबोर्डचा फोटो काढा. कोड पुसण्याआधी लिहून घ्या. पार्ट बदलायला सांगितलं तर कोड कागदावर मागा, जुना पार्ट ताब्यात घ्या. आणि आपले आमदार-खासदार गावात आले की रस्त्याच्या डांबराबरोबर हाही प्रश्न विचारा : वायर आमचा मिस्त्री जोडतो, मग दिवा विझवायचा हक्क त्याला का नाही?