डॅन्यूबकाठची सायकल आणि रजेचा कायदा

ऑस्ट्रियातील क्रेम्स येथून सकाळी न्याहारी आटोपून सायकलीवर निघालेला मनुष्य दुपारच्या कॉफीला टुल्न गावी सहज पोहोचतो. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. वाट डॅन्यूब नदीच्या कडेने जाते, चढ जवळजवळ नाही, आणि प्रवाहाच्या दिशेने जायचे असल्याने पश्चिमेचा वारा बहुधा पाठीशी असतो. एका बाजूला पाणी, त्यावरून संथपणे जाणाऱ्या मालवाहू बोटी. दुसऱ्या बाजूला झाडी आणि शेते. वाटेल तेथे सायकल आडवी टाकावी, पाव खावा, पुन्हा निघावे. पासाऊ ते व्हिएन्ना या ३०० किलोमीटरहून लांब मार्गाचा हा एक तुकडा.

अशा सहलीचे वर्णन ऐकले की चळवळीतला मनुष्य थोडा अवघडतो. ही सुखवस्तूंची चैन, असे त्याच्या मनात येते. आज या वाटेवर निवृत्त डॉक्टर आणि बँकेतले अधिकारी दिसतात, सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवणाऱ्या कंपन्याही आहेत. तेव्हा हा संशय अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तथापि त्या वाटेचा इतिहास निराळे काही सांगतो.

ही वाट मुळात सायकलींसाठी झालेली नाही. प्रवाहाविरुद्ध माल नेणाऱ्या नावा दोरखंडांनी ओढण्यासाठी घोड्यांचे तांडे काठाकाठाने चालत. त्यांच्याकरिता काठ मोकळा ठेवावा लागे. १८३० पासून आगबोटी आल्या आणि घोड्यांचे काम हळूहळू संपले, पण नौकानयन व पूरनियंत्रण यांसाठी काठावरची वाट आणि बांध सार्वजनिक ताब्यात राहिले. म्हणून १९८०च्या दशकात तेथे सायकलमार्ग आखणे शक्य झाले. काठ तुकड्यातुकड्यांनी विकला गेला असता, तर आज तेथे कुंपणे दिसली असती.

वाट मोकळी असली तरी तिच्यावर जायला मोकळा दिवस लागतो. तो मात्र झगडून मिळवावा लागला. १८९५ साली व्हिएन्नातील समाजवाद्यांनी ‘निसर्गमित्र’ ही श्रमिकांची पर्यटन संघटना काढली. संस्थापकांत एक शिक्षक होता, एक लोहार होता आणि कार्ल रेनर हा विद्यार्थी होता, जो पुढे प्रजासत्ताकाचा पहिला चॅन्सेलर झाला. डोंगर सर्वांना मोकळे असावेत ही त्यांची मागणी. १८९९ मध्ये कामगारांच्या सायकल मंडळांचा संघ स्थापन झाला. (तोच संघ आज मुख्यतः मोटारवाल्यांना साहाय्य करतो, नावात सायकल तेवढी उरली आहे.) महायुद्धानंतर फर्डिनांड हानुश हा एकेकाळचा विणकर समाजकल्याण मंत्री झाला. त्याच्या कारकिर्दीत १९१८ मध्ये कारखान्यांत आठ तासांचा दिवस आला आणि १९१९ मध्ये कामगारांच्या पगारी रजेचा कायदा झाला: वर्षभराच्या नोकरीनंतर एक आठवडा, पाच वर्षांनंतर दोन. १९३४ मध्ये हुकूमशाही राजवटीने समाजवादी पक्षाबरोबर ‘निसर्गमित्र’वरही बंदी घातली. कामगारांनी मिळून डोंगरात जाणेही त्या सत्तेला धोक्याचे वाटले, यातच त्या जाण्याचे मोल कळते. आजचा पाच आठवड्यांचा हक्क १९८६ मध्ये पूर्णत्वास गेला.

याच वाटेवर, टुल्नच्या अलीकडे, झ्वेन्टेनडॉर्फची अणुवीज भट्टी उभी आहे. ती बांधून पूर्ण झाली होती. समाजवादी क्रायस्की सरकार आणि कामगार संघटना दोघांनाही ती सुरू व्हायला हवी होती. ५ नोव्हेंबर १९७८ च्या सार्वमतात ५०.४७ टक्के लोकांनी नकार दिला आणि ती कधीच सुरू झाली नाही. लोकांचा कौल पक्षाने निमूटपणे स्वीकारला; पुढच्याच वर्षी त्याच लोकांनी त्या पक्षाला पूर्वीपेक्षा मोठे बहुमत दिले. नदीकाठ कसा वापरायचा, हे केवळ तज्ज्ञांवर आणि नेत्यांवर सोपवायला जनता तयार नसते. श्रमिकांचा पक्ष सत्तेवर असतानाही हे घडले, ही गोष्ट पक्षकार्यकर्त्यांनी नजरेआड करू नये.

भारतातील बहुसंख्य श्रमिक असंघटित क्षेत्रात आहेत. कामावर न जाणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणे, हाच त्यांच्या दृष्टीने सुट्टीचा अर्थ. महाराष्ट्रातल्या कोणत्याही कारखान्याच्या फाटकाशी पहाटे आलेल्या सायकली दिसतात. त्यांपैकी एखादी केवळ मौजेखातर नदीकाठी गेली असेल, असे सांगणे कठीण. मजुरीवाढीच्या मागणीपत्रकात रजेचे कलम शेवटी येते, आणि वाटाघाटीत पहिल्यांदा सोडले जाते तेही बहुधा तेच.

टुल्नला पोहोचलेले प्रवासी काठाशी सायकली लावून बसतात. त्यांना कॉफी आणून देणारी मुलगी रविवारीही कामावर असते, परंतु पगारी रजेचा कायदा तिलाही लागू आहे. घाटावरच्या गर्दीत तीही पुढे कधीतरी सायकल घेऊन आलेली दिसू शकते.